भोंग्यावरून घेतलेलं नाव

मोठी जाऊ म्हणून मी उल्पतचा मान ठेवते, पण तिच्याइतका डोक्याला ताप अख्ख्या कोक-दोबो वस्तीत दुसरा नाही, हे आधीच सांगून टाकते. सकाळी पीठ मळायला बसावं तर कुंपणापलीकडून आवाज येतो, "बुरुल! गॅसची टाकी चुलीपासून लांब सरकवलीस का?" दुपारी जरा अंग टाकावं तर, "बुरुल! दाराच्या वाटेत सायकल कुणी लावली?" अहो, सायकल माझी, दार माझं, वाटही माझीच. तुमचं काय जातं? पण हे तोंडावर म्हणायची सोय नाही. ती चोपन्न वर्षांची, मी एकेचाळीसची. ती मोठ्या भावाची बायको, मी धाकट्याची. आमच्यात म्हातारे आईबाप धाकट्याकडे राहतात, म्हणून सासरे माझ्या घरात. नवरा रशियात मजुरीला. म्हणजे म्हाताऱ्यांची काळजी माझी आणि त्यांच्यावरून बोलणी उल्पतची, अशी आमची वाटणी.

उल्पत शिवणकारखान्यात बाह्या जोडते. दिवसभर मान मोडून काम करायचं, संध्याकाळी घरी येऊन गळ्यात शिट्टी अडकवायची, केशरी जाकीट चढवायचं आणि गल्लीतून फिरायचं. कुणाची भिंत फुगली, कुणी विजेची तार पत्र्यावरून ओढली, कुणी गल्लीतच विटा रचल्या. हातात भोंगा. हा भोंगा तिला शहरातल्या एका संस्थेनं संकटात जीव कसा वाचवायचा याच्या तीन दिवसांच्या शिबिरात दिला. आमच्या वस्तीतून सहा जणी गेल्या होत्या. बाकीच्या पाच जणी जेवणाची तारीफ करत परत आल्या. हीच एक मेली सगळं ऐकून आली.

आता ती हे का करते, ते मला ठाऊक आहे, म्हणून तर जास्त बोलता येत नाही. चार हिवाळ्यांपूर्वी चौदा नंबरच्या घराला आग लागली. हिटरची तार पेटली. घरची माणसं बाहेर आली, शेजारी बादल्या घेऊन धावले, सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि "आले, सगळे आले" असं म्हटलं. मागच्या खोलीत एक भाडेकरीण राहायची. रात्रपाळी करायची, दिवसा झोपायची. ती कुणाला आठवलीच नाही. तासाभरानं आठवली, तोवर ती जिवंत नव्हती. वस्तीत कुणालाही तिचं नाव माहीत नव्हतं, सगळे तिला भाडेकरीणच म्हणायचे. उल्पत त्या मागच्या खिडकीजवळूनच पाण्याच्या बादल्या पुढे देत होती. आत माणूस आहे हे तिला कळलं नाही. त्यानंतर महिनाभर ती कुणाशी धड बोलली नव्हती, आणि मग हे शिबिर आलं.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. पुन्हा काही झालं, भूकंप म्हणा, आग म्हणा, तर मोजणीतून एकही माणूस सुटता कामा नये. बाकी सगळं नंतर.

दर रविवारी तिच्या अंगणात वर्ग. लोक यायचे, कारण ती पिठाचे फुगीर बोरसोक तळायची. खाऊन झालं की एजेला, म्हणजे थोरल्या ताईला, प्रश्न सुरू.

"एजे, हे शिकलं की घराचे कागद मिळतात का?"

"नाही."

"मग रेशनचं पीठ?"

"नाही रे बाबा! जीव वाचतो!"

"ते ठीक आहे, पण कागदांचं कुणाला विचारायचं?"

एकदा तर तिनं भूकंप हा शब्द उच्चारल्याबरोबर कोपऱ्यातल्या तीन म्हाताऱ्या थूः थूः करत उठल्या. नाव काढलं की येतो म्हणे. उल्पत म्हणाली, "आजी, नाव नाही काढलं तरी येतो, मागे आला तेव्हा कुणी बोलावला होता?" तर त्यातली एक म्हणते, "तूच बोलावला असशील. तोंड बघ केवढं आहे." मी हसले. उल्पतनं माझ्याकडे असं बघितलं की हातातला बोरसोक मी परत ताटात ठेवला.

प्रत्येक घरानं एक पिशवी भरून दाराशी ठेवायची, असंही तिनं ठरवलं होतं. बॅटरी, पाणी, औषधं, एक जाड शाल. माझी पिशवी मी भरली, खोटं कशाला बोलू. पण माझ्या मावसबहिणीच्या घरची माणसं अचानक आली, त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवणार? नवी कोरी शाल समोर होती, दिली. पुढच्या महिन्यात बॅटरी दिली. उल्पतनं तपासणीत पिशवी उघडली तर आत औषधाच्या गोळ्या आणि एक वाळका पाव. तिनं कपाळाला हात लावला. "बुरुल, छप्पर कोसळलं तर पाहुण्यांच्या घरी जाऊन शाल परत मागणार आहेस का?" मी म्हटलं, "एजे, पाहुण्याला काय गोळ्या देऊ?" तिच्याही पिशवीतली शाल गेलेली होती, मला ठाऊक होतं.

पण हे सगळं किरकोळ. खरी गंमत झाली ती मोजणीवरून.

उल्पतनं नियम काढला की हादरा बसला की सगळ्यांनी फुटबॉलच्या मैदानावर जमायचं, आणि प्रत्येक घराच्या सुनेनं आपल्या घरातल्या माणसांची नावं मोठ्यानं घ्यायची. ज्याचं नाव घेतलं त्यानं "आहे" म्हणायचं. उत्तर आलं नाही की लगेच त्या घरात शोधायला जायचं. सुनेनंच का? तर ती म्हणाली, "पुरुषांना विचारलं तर म्हणतील, असतील घरात. कोण परसाकडे गेलंय, कोण झोपलंय, कोण बाजारात गेलंय, हे चहा ओतणारीलाच माहीत असतं." बोलणं अगदी बरोबर. मलाही पटलं.

पण ही बाई स्वतः एकतीस वर्षं सून आहे, आणि तिला साधी गोष्ट सुचली नाही! आमच्यात सून सासरच्या थोरांची नावं घेत नाही. सासऱ्याचं नाही, दिरांचं नाही, सासऱ्याच्या भावाचंही नाही. मरेपर्यंत नाही. आमच्या शेजारच्या सुनेच्या सासऱ्याचं नाव एका फळाचं आहे, तर ती बाजारात त्या फळाकडे बोट दाखवते. अशा बायकांना ही मैदानात उभी करून म्हणते, नावं घ्या!

पहिल्या सरावाला जे झालं ते बघायला तुम्ही हवे होता. पहिली सून म्हणाली, "आमचे अता." अता म्हणजे वडील; झालं, मैदानातले एकोणीस म्हातारे एकदम म्हणाले, "आहे!" दुसरी म्हणाली, "घरातले थोरले." चौदा जण ओरडले. तिसरी बिचारी लाजून लाल झाली आणि नुसतं डोक्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ते... टोपीवाले." आता मैदानात टोपी नसलेला म्हातारा एक नव्हता. पोरं जमिनीवर लोळून हसत होती.

उल्पतनं भोंगा आपटला. "अगं बायांनो, तुमच्या जिभेला काय लकवा झालाय का? माणूस विटांखाली असेल आणि तुम्ही टोपीवाले करत बसाल?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "एजे, तुम्ही तरी एकदा घ्या ना आपल्या सासऱ्यांचं नाव. आम्ही ऐकतो."

सगळं मैदान तिच्याकडे बघायला लागलं. ती कानापर्यंत तापली. "माझं वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

"तू गप्प बस."

घेतलं नाही तिनं. तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी तडजोड अशी ठरली की नावाऐवजी घराचा नंबर म्हणायचा. नऊ नंबरचे अता, अकरा नंबरचे अता. उल्पतला ते मान्य नव्हतं. ती म्हणत राहिली की घाबरल्यावर नंबर कुणाला आठवत नाही. पण नावावर कुणी तयारच होईना, तर ती काय करणार?

आमचे सासरे चौऱ्याऐंशीचे. सरावाला ते एकदाच आले. खुर्ची मागितली, काठीवर हात ठेवून बसले, आणि उल्पत वही घेऊन जवळ आली तशी म्हणाले, "मला मोजायला मी काय मेंढी आहे?" त्यानंतर आलेच नाहीत. उल्पत मला रोज बजावायची, "बुरुल, वस्तीत सगळ्यात जास्त भीती मला आपल्या म्हाताऱ्यांची आहे. ऐकायला कमी, पायात जोर नाही, आणि हट्ट तर बघायला नको. काही झालं तर आधी ते. कळलं?" मी म्हणायची, "कळलं, कळलं." कान किटले होते माझे.

एप्रिलमध्ये, दुपारी साडेतीनच्या सुमाराला मी तंदुरात पाव लावत होते. आधी घंगाळातलं पाणी हिंदकळलं, मग पायाखालची जमीन कुणीतरी खेचल्यासारखी झाली. तंदुराला तडा गेला. मी वळून बघितलं तर सासरे दाराच्या पायरीवर उभे होते. बाहेर, पायरीवर, माझ्या डोळ्यांनी बघितलं. मी ओरडले, "अता, मैदानात चला!" आणि दोन्ही पोरांना बखोटीला धरून पळाले. ते मागून येतायत असं मी धरून चालले. वळून बघितलं नाही. यासाठी मला कुणी शिव्या दिल्या तर मी ऐकून घेईन.

मैदानावर धुरळा, रडारड, फोन लागत नाहीत. आणि मध्ये उल्पत, केशरी जाकीट, हातात वही. एक मात्र कबूल करते, तीन वर्षं ज्यांनी तिची टिंगल केली ते सगळे त्या दिवशी तिच्यासमोर आपापल्या घराप्रमाणे उभे राहिले.

"नऊ नंबर!"

मी म्हणाले, "मी, दोन पोरं, आणि आमचे अता."

नंबर म्हणाले नाही. सुचलंच नाही. गर्दीतून एक म्हातारा आवाज आला, "आहे, आहे!" उल्पतनं खूण केली आणि पुढे गेली. माझ्याही जिवात जीव आला. आले म्हणायचे.

दहा नंबर झालं. मग अकरा. त्या घरची सून म्हणाली, "आमचे अता," आणि तोच आवाज वैतागून म्हणाला, "अरे, आहे म्हटलं ना एकदा!"

उल्पतची पेन्सिल थांबली. तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. तो अकरा नंबरचा म्हातारा होता. दोन्ही वेळा तोच बोलला होता.

"बुरुल, आपले कुठायत?"

मी चहूकडे बघितलं. टोप्याच टोप्या. त्यांची नव्हती.

"हाक मार," उल्पत म्हणाली. "नावानं मार. गर्दीत असतील तर ओ देतील, नसतील तर घरात आहेत. लवकर."

मी तोंड उघडलं. खरं सांगते, आवाज फुटेना. अठरा वर्षं जे नाव मी मनातसुद्धा घेतलं नव्हतं, ते ओठांपर्यंत येईना. मी "अ... अता..." एवढंच म्हणाले, आणि पुन्हा दोन-तीन म्हातारे "आहे" म्हणाले. म्हातारा कदाचित विटांखाली होता आणि मी तिथे उभी राहून लाजत होते! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

उल्पतनं मला बाजूला ढकललं. भोंगा तोंडाला लावला आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडली, "सुयुनबाय!"

म्हाताऱ्या बायकांनी, भलतंच काही ऐकल्यावर धरतात तशी, आपापल्या गळ्याची पट्टी मुठीत धरली. सून, आणि सासऱ्याचं नाव, आणि तेही भोंग्यावरून! ती थांबली नाही. "सुयुनबाय! शादीकानचा मुलगा सुयुनबाय! आहेस का?"

अहो-जाहो सुद्धा नाही. "आहेस का" म्हणाली ती. कुणीच ओ दिली नाही.

"घरात आहेत," उल्पत म्हणाली, आणि चार जणांना पहारी घेऊन पळायला लावून स्वतः पुढे धावली. बाकीच्यांना तिनं जागेवरून हलू दिलं नाही. मी मात्र ऐकलं नाही, गेले.

आमच्या घराची मधली भिंत बसली होती. कच्च्या विटांची, सासऱ्यांनीच बांधलेली. उल्पत दारात उभी राहून पुन्हा भोंग्यातून ओरडली, तेच नाव, एकदा, दोनदा. मग सगळ्यांना गप्प केलं. आतून टक, टक, असा काठीचा आवाज आला. पेटीवर रचलेली माझ्या लग्नातली सगळी पासोड्यांची थप्पी त्यांच्या अंगावर पडली होती आणि भिंत त्या पासोड्यांवर. त्या नसत्या तर चेचले गेले असते. असूनही, तोंडावर एवढी माती की श्वास संपत आला होता. हातानं उकरलं त्यांना. बाहेर काढून अंगणात आणलं तोवर दुसरा हादरा आला आणि उरलेली भिंत, छपरासकट, ते होते त्याच जागेवर आली. मोजणी सुरू झाल्यापासून तोवर बारा मिनिटं झाली होती. उल्पतनं वहीत तेही लिहिलं.

आणि म्हातारा आत का गेला होता? टोपी! पायरीपर्यंत आले, लक्षात आलं की डोकं उघडं आहे, सुनांसमोर आणि लोकांसमोर बोडक्यानं कसं जायचं, म्हणून परत फिरले. टोपी हातात घट्ट धरलेली होती. मला हसू येईना की रडू.

पायाचं हाड मोडलं होतं आणि एक गळ्याजवळचं. प्लास्टर घालून आठवड्यानं उल्पतच्या घरी आणलं, माझं घर उरलं नव्हतं. आता तुम्हाला वाटेल की म्हाताऱ्यानं सुनेला आशीर्वाद दिले असतील. छे! जरा सावरल्यावर पहिली गोष्ट त्यांनी ही केली की उल्पतशी बोलणं टाकलं. तिनं चहा आणला की तोंड भिंतीकडे. मी तोच चहा नेला की घ्यायचे. दोन म्हातारे समजूत काढायला आले. समजूत कुणाची, तर उल्पतची! थोरांचा मान असतो, चारशे माणसांत नाव घेतलंस, माफी माग आणि पुन्हा घेणार नाही म्हण. उल्पत सासऱ्यांपुढे छातीवर हात ठेवून खाली वाकली, माफी मागितली. मग सरळ झाली आणि म्हणाली, "पुन्हा घेणार नाही असं मात्र म्हणणार नाही. वेळ आली तर घेईन." म्हातारे चहा अर्धा टाकून उठले.

मी तिच्यावर चिडले. "काय बिघडलं असतं नुसतं हो म्हटलं असतं तर? बावीस दिवस झाले, घरात सगळे हळू आवाजात बोलतायत!"

ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "रुसायला शिल्लक आहेत ना? मग रुसू देत."

पण तिलाही लागलं होतं, दिसत होतं. भोंगा तिनं कपाटावर टाकला होता आणि रविवारचा वर्ग दोनदा झाला नव्हता. लोक विचारायचे, तर अंग दुखतंय म्हणायची.

त्या शुक्रवारी मी सासऱ्यांच्या चांगल्या पायाची नखं कापत होते. ते एकाएकी म्हणाले, "सून, मला शेवटची नावानं हाक कुणी मारली असेल, सांग."

मी म्हटलं, "मला काय ठाऊक, अता."

"माझ्या थोरल्या बहिणीनं. तिला जाऊन सोळा वर्षं झाली. नावानं हाक मारणारं माझ्यापेक्षा मोठं आता कुणी उरलं नाही. सगळे अता म्हणतात, आजोबा म्हणतात. खाली पडलो होतो ना, तोंडात माती. म्हटलं, संपलं, येत नाही कुणी. ओरडून काय करायचं? तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, सुयुनबाय, आहेस का. मला वाटलं, अरे, मला ओळखणारं कुणीतरी अजून जिवंत आहे. म्हणून काठी आपटली." त्यांनी नाक ओढलं. "तिला सांगू नकोस. डोक्यावर बसेल."

मी कात्री तिथेच टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन उल्पतला शब्दन् शब्द सांगितलं. ती हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. डोळे भरले, ओघळ हनुवटीपर्यंत आले, पुसलेही नाहीत. मग म्हणाली, "बघ! म्हणजे ऐकू येतं त्यांना! तीन वर्षं मला म्हणतात, तुझं काही ऐकू येत नाही. नुसतं सोंग!"

आणि रडत रडतच तिनं चहा ओतला, दूध घातलं, आमच्याकडे घालतात तसं मीठ घातलं, आणि स्वतः घेऊन गेली. मी दारातून बघत होते. सासऱ्यांनी माझी वाट बघितली, मी पुढे झाले नाही. मग त्यांनी हात पुढे करून तिच्या हातून चहाची वाटी घेतली, एक घोट घेतला, आणि भिंतीकडे नाही, तिच्याकडे बघून म्हणाले, "मीठ कमी आहे."